फडाला सातबारा नव्हता

पांझरा पिंपळनेरच्या वरच्या डोंगरांत उगम पावते, साक्री तालुका उतरून धुळे शहरातून वाहते आणि मुडावदजवळ तापीला मिळते. या नदीवर, तशीच मोसम, आरम आणि गिरणेवर, निदान तीन-चारशे वर्षं पाण्याची एक व्यवस्था चालली. तिला फड बागायत म्हणतात. साक्री तालुक्यातल्या पांझराकाठच्या एका गावचा फड हे इथलं प्रकरण. गावाचं नाव देत नाही. आजूबाजूच्या बऱ्याच गावांची हकिगत थोड्याफार फरकाने हीच आहे, आणि नाव दिलं की वाचणारा मूळ मुद्दा सोडून कोणत्या पाटलाचा वाडा ते शोधायला लागतो.

समाज बदलतो तो कशाने? अवजारांनी, विचारांनी, वर्गांच्या झगड्यांनी की वरून आलेल्या हुकमांनी? तत्त्वज्ञांनी याची उत्तरं दिली ती रोमचं साम्राज्य, फ्रान्सची क्रांती, मँचेस्टरच्या गिरण्या डोळ्यांपुढे ठेवून. एवढ्या मोठ्या पटावर कोणताही सिद्धांत खपून जातो, कारण अडचणीचा दाखला बाजूला सारायला भरपूर जागा असते. एका थळावर, म्हणजे एका बंधाऱ्याच्या पाण्याखाली भिजणाऱ्या जमिनीवर, तशी सोय नाही. आधी काय झालं आणि मागाहून काय झालं हे सांगणारी माणसं अजून पारावर बसलेली आहेत.

फड चालायचा कसा

नदीत आडवा दगडी बंधारा. त्याच्या एका अंगाने पाट निघायचा. पाटाच्या चाऱ्या, चाऱ्यांचे सारंग, आणि सारंगातून पाणी वाफ्यात. जास्तीचं पाणी सांडीवाटे परत नदीत. या पाण्याखाली भिजणारी सगळी जमीन म्हणजे थळ, आणि थळाचे चार भाग म्हणजे चार फड.

एका फडात एकच पीक. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात आणखी काही हंगामी, चौथा विश्रांतीला. पुढच्या वर्षी फेरपालट. कोणत्या फडात काय घ्यायचं हे गावाने बसून ठरवायचं. पाऊस हुकला तर निर्णय तिथेच व्हायचा: यंदा दोनच फड भिजतील, बाकीचे कोरडे राहतील.

इथे बाहेरच्या माणसाला शंका येते. ज्यांचे फड कोरडे राहिले ते गप्प कसे बसायचे? ते गप्प बसायचे, कारण ‘ज्यांचे’ असे वेगळे लोक नव्हतेच. बहुतेक प्रत्येक खातेदाराचा तुकडा प्रत्येक फडात होता. बंधाऱ्याजवळच्या फडात थोडा, मधल्यात थोडा, पार शेपटाकडच्यात थोडा. फड कोरडा ठेवला की सगळ्यांचाच चौथा हिस्सा कोरडा राहायचा. धोंडोपंत असो की धोंडू, दुष्काळ त्याच्या वाट्याला त्याच्या जमिनीच्या मानानेच यायचा. कागदावर पाहिलं तर ही तुकड्या-तुकड्यांची शेती गैरसोयीची वाटते. 1947 च्या मुंबई तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याला ती तशीच वाटली होती. विखुरलेली जमीन एका ठिकाणी आणली की शेती सुधारते, अशी त्यामागची समजूत. पांझरेकाठी तेच विखुरणं हा विमा होता. कायदा करणारे अडाणी होते असं नाही. त्यांना शेतं दिसली, शेतांखालचा पाण्याचा हिशेब दिसला नाही.

पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं. दारं तोच धरायचा. शेतमालकाने आपल्या वाफ्याचं तोंड स्वतः फोडायचं नाही, मग तो गावचा पाटील का असेना. पाटकरी ठरलेल्या क्रमाने निघायचा. एक सारंग भिजून झाला, की फावड्याने मातीचा बोळा ओढून त्याचं तोंड बुजवायचा, त्यावर टाच दाबायचा आणि पुढचं तोंड उघडायचा. वाफा भरला की नाही हे तो मालकाला विचारत नसे. फडभर एकच पीक, म्हणून एकच पाळी. उसाला इतक्या दिवसांनी, गव्हाला तितक्या दिवसांनी, वाद घालायला काही उरायचंच नाही. पाटकऱ्यांवर देखरेख करायला हवालदार आणि पिकांची राखण करायला जागल्या. मेहनताना धान्यात, खळ्यावर. पावसाळा संपला की पाटातला गाळ काढायला घरटी माणूस जायचा.

हे रामराज्य नव्हतं. ज्याची जमीन थळात, त्याच्यापुरती ही समता. जागल्या बहुधा भिल्ल समाजातला असे, रात्रभर दुसऱ्याच्या उसाची राखण करायचा आणि त्याचा स्वतःचा एक वाफाही त्या पाण्यात नसायचा. ही बाजू पुढे लागेल.

मोडला कसा

गावात विचारलं तर बहुतेक जण धरणांकडे बोट दाखवतात. वर कान नदीवर मालनगावचं धरण झालं, पांझरेवर लाटीपाड्याचं झालं, अलीकडे अक्कलपाडा. बंधाऱ्यावरून बारमाही वाहणारी नदी मग सोडलं तर वाहायची, नाहीतर नाही. हे खरं आहे. पण क्रम नीट लावला तर या थळात धरणाचं पाणी अडायच्या आधीच पाटाचा गाळ अर्धवट निघायला लागला होता.

पहिली गोष्ट घडली ती विहिरीची. विहिरी पूर्वीही होत्या, मोटेच्या. मोटेवर दोन बैल आणि एक माणूस दिवसभर राबला तर जेमतेम तुकडाभर रान भिजायचं, त्यामुळे पाटाशी तिची बरोबरी नव्हती. 1960 नंतर खेड्यांत वीज आली, विजेचा पंप आला आणि कर्ज आलं. 1972 च्या दुष्काळाने राहिलेल्यांनाही विहीर खोदायला लावलं. पंप बसवलेला पहिला माणूस फडातून बाहेर पडला नाही, त्याचे तुकडे जिथे होते तिथेच होते. फक्त त्याला आता पाळीची वाट पाहायची गरज उरली नाही.

गरज उरली नाही म्हणून त्याने गव्हाच्या फडात मधेच आपल्या तुकड्यात ऊस लावला. उसाची पाळी वेगळी, गव्हाची वेगळी. पाटकऱ्याचा क्रम तिथे पहिल्यांदा चुकला. शेजाऱ्याने तक्रार केली, बैठक झाली, आणि बैठकीत उत्तर मिळालं, मी तुमचं पाणी कुठे घेतोय? उत्तर बिनतोड होतं. दोन-चार वर्षांत असे सहा-सात झाले. मग गाळ काढायच्या दिवशी ते स्वतः यायचे बंद झाले, बदली गडी पाठवू लागले. पुढे गडीही येईना. पाटकऱ्याचं खळ्यावरचं धान्य घटलं. त्याचा मुलगा सुरतेला गेला, लूमवर. पाटकरी गेल्यावर ज्याच्या हाती फावडं त्याचं पाणी, आणि मग शेपटाकडच्या शेतांत पाणी पोचेना. ज्यांना विहीर परवडत नव्हती त्यांनीही सोसायटीचं कर्ज काढलं.

यातला विनोद पुढे कळला. काळ्या पाषाणाच्या या मुलखात विहिरीला पाणी कुठून यायचं? बरंचसं पाटाच्या पाझरातून. पाट गाळाने भरला, वाहायचा थांबला, आणि ज्या विहिरींनी पाट मोडला त्या विहिरीही खाली गेल्या. मग बोअर.

पाटकऱ्याच्या घरातल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, की हे मोडलं कधी? त्यांनी साल सांगितलं नाही. म्हणाले, “हीर उनी, फड गया.” विहीर आली, फड गेला.

सिद्धांत लावून पाहू

ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी मेटकाफ याच्यापासून सुरुवात करावी लागते. त्याने 1830 मध्ये लिहून ठेवलं, की हिंदुस्थानातली खेडी ही छोटी गणराज्यं आहेत, राज्यं येतात-जातात आणि ती तशीच राहतात. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने तेच थोडं तुच्छतेने मांडलं: इथे खरा इतिहासच नाही. पांझरेकाठी यातलं अर्धं टिकतं. 1802 मध्ये होळकरांच्या फौजेने खानदेश लुटला, लगेच 1803-04 चा दुष्काळ पडला, 1818 मध्ये इंग्रज आले तेव्हा गावंच्या गावं ओसाड होती. तरी फड पुन्हा चालू झाले. पण पुन्हा चालू होणं आणि न बदलणं या दोन गोष्टी वेगळ्या. दर दुष्काळानंतर कोण परत आला, कोणाची जमीन कोणाकडे गेली, पाटकऱ्याच्या कामाचा हक्क कोणत्या घरात राहिला, हे नव्याने ठरलं असणार. बाहेरून शांत दिसणाऱ्या वस्तूला इतिहास नसतो हे म्हणणं ज्याला गाळ काढावा लागला नाही त्याचंच.

जर्मन-अमेरिकन इतिहासकार विटफोगेलला इथे फार वेळ देण्याची गरज नाही. 1957 मध्ये त्याने मांडलं, की पाण्याची मोठी कामं करणाऱ्या समाजांत एकछत्री, जुलमी सत्ता उभी राहते. इथे बंधारे कोणा राजवटीने बांधले असतील. लोक मुसलमानी अमदानीचं नाव घेतात. पण पाणी वाटायला सुभेदार लागत नव्हता, एक हवालदार पुरत होता.

मार्क्सची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. 1859 च्या प्रसिद्ध प्रस्तावनेतला मुद्दा असा: उत्पादनाची साधनं वाढतात, जुने मालकीसंबंध त्यांना बेड्या होऊन बसतात, आणि मग सामाजिक क्रांतीचा काळ सुरू होतो. पंप आला आणि एकपिकी फडाचा नियम त्याला आड आला, इथवर अगदी चपखल. पुढे मात्र क्रांती कुठे आहे? या थळात कोणी कोणाविरुद्ध उठलं नाही. कोणता वर्ग सत्तेवरून खाली आला नाही. ज्यांच्या हाती गाव होतं त्यांच्याच हाती ते राहिलं, उलट घट्ट झालं. मार्क्सने 1853 मध्ये लिहिलं होतं, की रेल्वे आणि इंग्रजी व्यापार ही खेडी मोडून काढतील. भुसावळ-जळगावकडून रेल्वे गेली 1860 च्या दशकात. अमेरिकेतल्या यादवीमुळे त्याच दशकात कापसाचे भाव कडाडले आणि खानदेशाच्या काळ्या रानात पैसा आला. फड त्यानंतरही शंभर वर्षं चालला. याच मार्क्सने 1881 मध्ये रशियातल्या एका पत्राला उत्तर देताना मान्य केलं, की आपण दाखवलेली अटळता पश्चिम युरोपापुरती आहे. त्याचे अनुयायी हे पत्र फारसं काढत नाहीत.

झगड्याने समाज बदलतो हे खोटं आहे, असं मात्र खानदेशात राहून म्हणता येत नाही. पांझरेपासून फार लांब नाही, तापीपलीकडे शहाद्यात 1971-72 मध्ये भिल्ल शेतमजूर उभे राहिले. भिल्लांचे पुढारी अंबरसिंग महाराज यांचं काम आधीपासून होतंच, मग श्रमिक संघटना आली. मजुरीचा, गेलेल्या जमिनीचा, मारहाणीचा प्रश्न होता. तिथे बागायतदारांनी पिकांच्या राखणीसाठी पीक संरक्षण सोसायट्या काढल्या होत्या, आणि त्यांचे रखवालदार पिकांपेक्षा मजुरांवरच जास्त लक्ष ठेवायचे. फडातला जागल्या आणि शहाद्याचा रखवालदार यांची तुलना करा. एकात गरीब माणूस व्यवस्थेचा खालच्या पायरीवरचा का होईना भाग होता, दुसऱ्यात व्यवस्था त्याच्याविरुद्ध होती. मार्क्स शहाद्यात जसा लागू पडतो तसा साक्रीत पडत नाही, आणि दोन्ही ठिकाणी पंप त्याच सुमारास आले. अवजार एक, निकाल दोन. साधनांवरून समाजाचं भविष्य वाचणाऱ्याने या दोन तालुक्यांचा खुलासा करून दाखवावा.

हेन्री मेन 1860 च्या दशकात इथे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होता. त्याचं सूत्र होतं, की समाज जन्मसिद्ध दर्जाकडून कराराकडे सरकतो. पाटकऱ्याचं धान्य हा दर्जा, रोजंदारीचा गडी हा करार. सूत्र लागू पडतं, पण ते काय झालं एवढंच सांगतं. कशाने, ते सांगत नाही. फ्रेंच विचारवंत काँतने समाजाच्या सांगितलेल्या तीन अवस्था, धार्मिक, तात्त्विक आणि वैज्ञानिक, या तर इथे एकाच खळ्यावर नांदत होत्या. पहिलं पाणी सोडताना बंधाऱ्यावर नारळ फुटायचाच, आणि पाटाचा उतार एवढा अचूक काढलेला, की आजच्या इंजिनिअरनेही मान डोलवावी.

जाता जाता अमळनेरची आठवण. 1906 साली तिथे प्रताप मिल निघाली आणि 1916 मध्ये तिचेच मालक प्रतापशेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं, अद्वैत वेदान्ताच्या अभ्यासासाठी. कापसाच्या नफ्यावर असा विचार चालला, की बदल हाच मुळात आभास. मार्क्सला अर्थव्यवहाराचा पाया आणि त्यावरचा विचारांचा इमला दाखवायला यापेक्षा चांगलं गाव मिळालं नसतं.

सगळ्यांत जवळ पोचतो तो चौदाव्या शतकातला ट्यूनिसचा इब्न खल्दून. टोळ्यांना जोडून ठेवणाऱ्या आपलेपणाला तो असबिया म्हणतो. ती कठीण परिस्थितीत घट्ट असते. राज्य मिळतं, सुख येतं, तीन-चार पिढ्यांत ती सैल होते आणि वाळवंटातून दुसरी टोळी येऊन ते राज्य घेते. फडातली एकजूट अशीच टंचाईतून आलेली होती. ती सैल झाली, पण सुखासीनतेने नव्हे. पंप बसवणारा कुणबी पूर्वीपेक्षा जास्तच राबायला लागला, रात्री-अपरात्री वीज येईल तेव्हा मोटर चालू करायला. त्याला फक्त बाहेर पडायची वाट मिळाली होती. आणि बाहेरून कोणी टोळी आली नाही. तीच माणसं, तेच वाडे, आतून नातं मोकळं झालं.

माझं म्हणणं इथे येतं. लढा, विचार, हुकूम, अवजार यांच्या यादीत एक गोष्ट नेहमी राहून जाते: निमूटपणे बाजूला होणं. आणि बाजूला व्हायची सोय सगळ्यांना एकदम मिळत नाही. ज्याला आधी मिळते तो व्यवस्था मोडत नाही, फक्त तिची देखभाल करायचं सोडतो. मोडतोड मागे राहिलेल्यांच्या हातून होते, आणि दोषही त्यांनाच लागतो. या गावात आजही पाट बुडवल्याचं खापर शेपटाकडच्यांवर फुटतं, त्यांनी दारं फोडली म्हणून.

शंभर वर्षं झोपलेलं कारण

मग पंपच कारण, असं म्हणून थांबता येईल का? नाही, कारण पंप सामाईकही घेता आला असता. थळाने मिळून दोन मोठ्या विहिरी खणल्या असत्या, त्यांचं पाणी पाटात सोडलं असतं, आणि टंचाईच्या वर्षीही ठरलेले सगळे फड भिजले असते. हे तेव्हा कोणाला सुचलं नाही असंही नाही. अडलं ते कर्जापाशी. सोसायटी आणि बँक कर्ज देते ते सातबाऱ्यावर. सातबारा माणसाच्या नावाचा असतो. फडाला सातबारा नव्हता. तीन-चारशे वर्षं पाणी वाटणारी संस्था तलाठ्याच्या दप्तरात कर्जदार म्हणून अस्तित्वातच नव्हती.

ही खाती माणसागणिक झाली कधी? इंग्रजांच्या रयतवारी मोजणीत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. त्या मोजणीला खानदेशात विरोध झाला होता. 1852 मध्ये सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल या बाजूला लोक जमले, मोजणीदारांना काम करू देईनात, सरकारला फौज आणावी लागली. लोकांची धास्ती शेतसाऱ्याची होती, फडाची नव्हती. फडांना मोजणीने त्या वेळी काहीही केलं नाही. पाट वाहत राहिले, पाटकरी धान्य घेत राहिला. मोजणीचा कागद दप्तरात पडून राहिला आणि शंभर वर्षांनी पंपाच्या कर्जाच्या रूपाने कामाला आला. कारण आणि परिणाम यांच्यात एवढं अंतर पडलं, की गावात कोणीच त्या दोन गोष्टी जोडत नाही. जोडणार तरी कसे?

इतिहासाच्या नियमांवर तत्त्वज्ञ पॉपरने 1957 मध्ये घेतलेला आक्षेप मला यासाठीच पटतो. ज्ञान पुढे कसं वाढेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून समाजाचं भविष्यही नियमात बसवता येत नाही, असं तो म्हणतो. मोजणी करणाऱ्या साहेबाला विजेच्या पंपाची कल्पना नव्हती. आपण पाण्याची व्यवस्था मोडायची तरतूद करून ठेवतोय हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता. मोजणी आणि पंप, दोन्ही एकत्र आले तेव्हाच फड गेला. त्यांतलं एक एकटं पुरेसं नव्हतं. फ्रेंच इतिहासकार ब्रोदेल काळाचे थर वेगवेगळ्या गतीने सरकतात म्हणतो. इथे सावकाश सरकणारा थर नदीचा आणि पाषाणाचा, मधला खात्यांचा आणि कर्जाचा, वरचा भराभर बदलणारा पंपांचा.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून कागद गोळा केले आणि 1926 च्या अखेरीस धुळ्यातच देह ठेवला. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ याच पांझरेच्या शहरात निघालं. अस्सल कागदाशिवाय इतिहास नाही हा त्यांचा आग्रह. फडाच्या बाबतीत तो आग्रह अडचणीत आणतो. बैठकीत काय ठरलं याची वही क्वचितच ठेवली जायची. गाव बोलून ठरवायचं आणि पाटकरी लक्षात ठेवायचा. कागद आहेत ते खात्यांचे आणि साऱ्याचे, म्हणजे फडाला न ओळखणाऱ्या बाजूचे. कागदांवरून लिहिलेल्या इतिहासात या गावात शंभर-दीडशे खातेदार दिसतील, थळ दिसणार नाही.

2005 मध्ये महाराष्ट्राने सिंचन पद्धतीचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा केला. त्याखाली पाणीवापर संस्था आल्या. म्हणजे सामाईक पाण्याच्या संस्थेला अखेर कागद मिळाला. संस्थेच्या संचालक मंडळात पाटाच्या मुखाकडचे, मधले आणि शेपटाकडचे शेतकरी सारख्या प्रमाणात असावेत असा त्यात नियम आहे. नियम योग्यच, कारण आता मुखाकडचा माणूस वेगळा आणि शेपटाकडचा वेगळा. फडात ही तिन्ही ठिकाणं एकाच माणसाच्या खात्यात होती, म्हणून त्याला प्रतिनिधीची गरज पडत नव्हती. या थळावर अशी संस्था उभी राहिलीच, तर पहिल्या बैठकीत कोणता प्रश्न येणार हे मला माहीत आहे. विहीरवाल्यांनी पाणीपट्टी भरायची की नाही?